आम्ही कोण? वसईच्या ख्रिस्ती जनांच्या श्रद्धेचें एक अवलोकन

आगगाडीच्या डब्यांत, कचेरींत किंवा बाजारांत आमच्यापैकीं पुष्कळांस एक अनुभव वारंवार येतो. शेजारचे गृहस्थ आमचें नांव विचारितात, आम्ही तें सांगतों, आणि ते आश्चर्यानें म्हणतात, "आपण ख्रिस्ती ना? मग मराठी इतकें चांगलें कसें बोलतां?" विचारणाराच्या मनांत बहुधा कांहीं वांकडें नसतें. तरीहि तो प्रश्न अंतःकरणास झोंबतो. कारण त्याच्या पोटीं दुसराच एक प्रश्न दडलेला असतो. तुम्ही मूळचे कोण? या भूमीचे कीं परक्यांचे?

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं देवळाच्या बांधणीचा, धर्मगुरूंच्या सेवेचा व निरनिराळ्या मंडळांच्या कार्याचा वृत्तान्त प्रस्तुत पुस्तिकेंत अन्यत्र येईलच. आम्हांस येथें वसईच्या ख्रिस्ती जनांच्या इतिहासांतून या एका प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें आहे. शोध करितां करितां आमची अशी खात्री झाली आहे कीं, "आम्ही कोण?" आणि "देव आमच्या किती जवळ आहे?" हे दोन प्रश्न आमच्या वाडवडिलांना कधींहि निरनिराळे भासले नाहींत. जेथें ते देवाच्या अगदीं निकट उभे राहिले, तेथेंच त्यांना स्वतःची ओळख पटली.

आरंभीं एक कठीण गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. सन १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यांच्या मागोमाग फ्रान्सिस्कन, येशूसंघीय, डोमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मगुरू येथें आले, आणि त्यांच्या मठांचे व देवळांचे भग्नावशेष आजहि वसईच्या किल्ल्यांत उभे आहेत. त्यांच्यांत प्रभूच्या प्रेमानें झिजलेले पुरुष होते हें खरें. परंतु राजसत्तेचा दाब, मानाचा व सवलतींचा मोह यांचा त्या काळच्या धर्मांतरांशीं कांहींच संबंध नव्हता, असें म्हणणें सत्यास सोडून होईल. गोव्यांत सन १५६० सालीं स्थापन झालेल्या धर्मचौकशीच्या न्यायासनाचें स्मरणहि सुखद नाहीं. श्रद्धेनें सत्यास भिण्याचें कारण नाहीं. रोपटें कोणत्या हातानें लावलें गेलें हा एक प्रश्न; त्यानें मूळ धरलें कीं नाहीं, हा दुसरा. आमचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आहे.

स्नानसंस्कार घेतला ते लोक येथलेच होते. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी अशा त्यांच्या ज्ञाती. कोणी पानवेलींच्या व केळींच्या वाड्या राखीत, कोणी समुद्रावर होड्या घालीत. संस्काराच्या वेळीं त्यांना परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो अशीं पोर्तुगीज आडनांवें मिळालीं, आणि आगगाडींतल्या गृहस्थांस आमचें कोडें पडतें तें याच आडनांवांमुळें. पण स्त्रियांच्या अंगावरचें लुगडें तेंच राहिलें, शेतांतले नांगर तेच राहिले, आणि चुलीपाशीं बोलली जाणारी बोलीहि तीच राहिली. सामवेदी अथवा कादोडी बोली, वाडवळी बोली, कोळ्यांची बोली या आजहि वसईच्या ख्रिस्ती घरांतून ऐकूं येतात. आमचें नांव बदललें. आमच्या आईची भाषा बदलली नाहीं.

यांत ख्रिस्ती धर्माशीं विसंगत असें कांहींच नाहीं. पवित्र ख्रिस्तसभेच्या अगदीं आरंभींच हा प्रश्न उपस्थित झाला होता. अन्यदेशीय लोक प्रभूवर विश्वास ठेवूं लागले, तेव्हां त्यांनीं अगोदर यहूदी झालें पाहिजे असा कित्येकांचा आग्रह पडला. यरुशलेम येथें प्रेषितांची सभा भरली व त्यांनीं निर्णय दिला कीं, हें ओझें त्यांच्यावर लादूं नये. ग्रीक मनुष्यानें ग्रीक राहूनच प्रभूकडे यावें, हा त्या निर्णयाचा भावार्थ. खुद्द देवपुत्रानें मनुष्यदेह धारण केला तो एका मातेच्या उदरीं, एका गांवांत वाढून, एक बोली बोलून. ज्यानें नाझरेथची बोली आपलीशी केली, त्याला वसईची बोली परकी कशी वाटावी?

आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया याचें चरित्र या दृष्टीनें मनन करण्याजोगें आहे. त्याचा जन्म सुमारें सन १५५६ चा. बाप पोर्तुगीज, आई येथली. वसईस येशूसंघीयांच्या शाळेंत शिकून तो कोंवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथली भाषा त्यानें उत्तम आत्मसात केली व धर्मशिक्षकाचें काम केलें; पण संघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा सफळ झाली नाहीं. मग त्यानें व्यापार केला, त्यांत यशहि मिळविलें, आणि शेवटीं फिलिपाईन्समधील मनिला येथें सर्व सोडून फ्रान्सिस्कन बंधु म्हणून व्रत घेतलें. सन १५९३ सालीं तो दुभाषी म्हणून पुन्हां जपानांत गेला. तेथील सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरल्यावर त्याला व त्याच्या सोबत्यांना पकडण्यांत आलें, त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला, ऐन हिवाळ्यांत त्यांना क्योटोहून नागासाकीपर्यंत चालविण्यांत आलें, आणि ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस तेथें क्रुसावर मृत्यु देण्यांत आला. सन १६२७ सालीं त्यांना धन्य म्हणून, व ता. ८ जून १८६२ रोजीं संत म्हणून घोषित करण्यांत आलें.

हा पुरुष कोण होता? बापाच्या जातीनें त्याला सर्वस्वीं आपला म्हटलें नाहीं. आईचा देश त्यानें बाळपणींच सोडला. जपान्यांना तो परका, आणि ज्या संघांत शिकला तेथें त्याला स्थान मिळालें नाहीं. जगाच्या हिशेबीं तो कोठलाच नव्हता. परंतु क्रुसावर चढतेवेळीं, आपण कोणाचे हें त्याला पुरतें ठाऊक होतें. आज वसईच्या धर्मप्रांताचा तो आश्रयदाता संत आहे, आणि गास येथील देऊळ त्याच्याच नांवानें उभें आहे. ज्यानें स्वतःस देवाच्या स्वाधीन केलें, त्याला त्याचें गांवहि परत मिळालें.

गोन्सालो हुतात्मा झाला त्या सुमारास गोव्याकडील साष्टींत (आपल्या ठाण्याजवळच्या साष्टींत नव्हे) एक इंग्रज धर्मगुरू दुसऱ्याच कामांत गढून गेला होता. फादर थॉमस स्टीफन्स सन १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास आला, आणि सन १६१९ सालीं मरण येईपर्यंत चाळीस वर्षें येथेंच राहिला. नव्या ख्रिस्ती लोकांची एक व्यथा त्याला कळली होती. त्यांचीं जुनीं पुराणें त्यांच्यापासून गेलीं होतीं. मग मुलांबाळांनीं सायंकाळीं एकत्र बसून ऐकावें काय? या मागणीचें प्रतिबिंब त्याच्या ग्रंथाच्या आरंभींच पडलेलें आहे. त्यानें उत्तर दिलें तें "ख्रिस्तपुराण" रचून. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ सन १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापला गेला. देवनागरी खिळे नसल्यामुळें तो रोमी लिपींत छापावा लागला. या देशाच्या लिपींत छापण्याची व्यवस्था व्हावी म्हणून स्टीफन्सनें सन १६०८ सालींच रोमला लिहून विनंती केली होती.

ज्ञानदेवांची व एकनाथांची ओवी ज्या लोकांच्या कानांत होती, त्यांना ख्रिस्ताची कथा त्याच ओवींत मिळाली. परदेशांत जन्मलेल्या या पुरुषानें मराठी भाषेची मुक्तकंठानें स्तुति केली, व आम्हांस जणुं एवढेंच सांगितलें कीं, देवाशीं बोलावयास तुमची भाषा पुरेशी आहे. आमच्या मतें, त्यानें आम्हांवर केलेले उपकार मोजतां येण्याजोगे नाहींत.

परंतु सर्वांनाच तें पटलें नाहीं. सन १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढून गोव्यांतील लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम केला. फर्मानानें भाषा मरत नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या छापील प्रतींपैकीं आज एकहि हातीं लागत नाहीं. पण लोकांनीं हातानें नकला करून तें जतन केलें. सन १९०७ सालीं तें मंगळूर येथें पुन्हां छापलें गेलें, आणि सन १९५६ सालीं पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तें देवनागरींत प्रसिद्ध केलें. फर्मान काढणारांचें राज्य सरलें. ज्यांना तें काव्य प्रिय होतें त्यांनीं तें आम्हांपर्यंत पोंचविलें.

आतां आमच्या इतिहासांतील सर्वांत मोठ्या कसोटीकडे वळूं. सन १७३९ च्या मे महिन्यांत, दीर्घ व घनघोर वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांच्या मराठी सैन्यानें वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सैनिक, अधिकारी, श्रीमंत घराणीं व युरोपियन मठवासी गलबतांत बसून निघून गेले. मराठ्यांनीं केलेल्या तहांत, मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे. तथापि जे मागें राहिले त्यांची स्थिति डोळ्यांपुढें आणावी. मठ ओस पडले. मोठमोठ्या देवळांचीं छपरें ढासळूं लागलीं. देवळांच्या घंटा विजयचिन्ह म्हणून घाटावर गेल्या. त्यांपैकीं एक भीमाशंकरीं, एक नाशिकास नारोशंकराच्या देवळांत, एक वाईजवळ मेणवलीस आजहि पाहावयास मिळते. आज त्या घंटांच्या नादावर शेजारच्या धर्माचे भाविक हात जोडतात. आम्हांस त्याचें वैषम्य वाटत नाहीं. पण त्या दिवशीं वसईच्या शेतकऱ्याला सांजेची घंटा ऐकूं आली नाहीं, तेव्हां त्याच्या मनाला काय वाटलें असेल, याची कल्पना आम्ही करूं शकतों.

ती वेळ निवडीची होती. ज्या राजाच्या आश्रयानें धर्म आला, तो राजा गेला. आतां ख्रिस्ती राहण्यांत ना मान होता, ना लाभ. कांहीं कुटुंबें पूर्वधर्मांत परत गेलीं. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु पुष्कळ राहिले. गोव्याच्या महागुरुस्वामींच्या अधिकाराखालील थोड्या देशी धर्मगुरूंनीं गांवोगांव फिरून त्यांचा सांभाळ केला. धर्मगुरू सर्वत्र एकाच वेळीं कसे पोंचणार? तेव्हां आजीनें नातवाला क्रुसाची खूण शिकविली, बापानें घरच्या मंडळीला जमवून जपमाळ म्हटली, आईनें मरणोन्मुखाच्या कानांत येशूचें नांव उच्चारलें. हीं कामें कोणत्याहि दप्तरांत नोंदलेलीं नाहींत. त्यांचा पुरावा एकच, आणि तो म्हणजे आम्ही. तेव्हां दिवा विझला असता, तर आज महोत्सव साजरा करावयास आम्ही येथें नसतों.

म्हणूनच आमची नम्र समजूत अशी आहे कीं, वसईच्या ख्रिस्ती समाजाचा खरा जन्म सन १५३४ सालीं जितका झाला, त्याहून अधिक सन १७३९ नंतर झाला. पूर्वीं आमची श्रद्धा दिलेली होती. त्यानंतर ती पत्करलेली झाली. घंटेवांचून जो प्रार्थनेस उठतो, त्याला देव घंटेपेक्षां जवळ असतो.

पुढें राज्यें बदलत गेलीं. सन १८०२ च्या अखेरीस याच वसईंत पेशव्यांचा इंग्रजांशीं तह झाला, व सन १८१८ सालीं हा मुलूख इंग्रजांकडे गेला. राज्यांबरोबर नांवेंहि बदललीं. सन १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळीं, मुंबई व साष्टीकडील आमच्या बांधवांनीं गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून "ईस्ट इंडियन" असें नांव धारण केलें. नोकरीधंद्याच्या काळजीनें घेतलेलें तें नांव त्यांच्या उपयोगीं पडलें. धर्मप्रांताच्या व्यवस्थाहि बदलल्या: आम्ही गोव्याखालीं होतों, सन १८८६ सालीं दमणचा धर्मप्रांत झाला, सन १९२८ सालीं तो मोडून वसई मुंबईच्या महागुरुस्वामींकडे आली, आणि ता. २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. इतक्या सत्ता व इतकीं नांवें येऊन गेलीं. पण क्रुसापुढें सायंकाळीं जमणारी मंडळी तीच राहिली. जगानें ठेवलेलें नांव जगाच्या सोयीनें पालटतें. स्नानसंस्काराच्या वेळीं देवानें ज्या नांवानें हांक मारिली, तें मात्र पालटत नाहीं.

एक गोष्ट उरली होती. आमचे आजे-पणजे पवित्र मिस्सेस भक्तिभावानें जात. परंतु मिस्सा लॅटिन भाषेंत असे. वेदीवर धर्मगुरू एका भाषेंत प्रार्थना करीत, आणि गुडघे टेकलेली म्हातारी आपल्या भाषेंत जपमाळ ओढीत असे. तिची भक्ति उणी होती असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तरीपण दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनें ता. ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयींचें विधान संमत करून लोकभाषेला वेदीचें द्वार उघडून दिलें, आणि पुढील वर्षांत आमच्या देवळांत मराठी मिस्सा होऊं लागली. स्टीफन्सनें सन १६१६ सालीं ओवींत जें केलें, तें साडेतीनशें वर्षांनीं वेदीवर झालें. आमच्या वडील पिढींतील मंडळीला तो काळ आठवतो. ज्या शब्दांनीं आपण आईकडे भाकर मागतों, त्याच शब्दांनीं वेदीवर देवाजवळ भाकर मागितली जात आहे, हें ऐकून कित्येकांचे डोळे भरून आले.

या जवळिकीचीं फळें पुढें दिसूं लागलीं. वसईचे पहिले महागुरुस्वामी थॉमस डाबरे यांनीं तुकोबांच्या ईश्वरानुभवाचा अभ्यास करून त्यावर ग्रंथ लिहिला. ख्रिस्ती श्रद्धेंत दृढ असलेला मनुष्य देहूच्या संतापाशीं आदरानें बसूं शकतो. ज्याला आपलें घर ठाऊक आहे, त्याला शेजाऱ्याच्या घरीं जाण्याची भीति नसते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं "सुवार्ता" मासिकाचें पुष्कळ वर्षें संपादन केलें, "सुबोध बायबल" लिहिलें, वसईच्या हिरव्या वाड्यांच्या रक्षणासाठीं लोकांबरोबर झगडले. सन २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठीच्या व्यासपीठावर कां, असा विरोधाचा सूर त्या वेळीं निघाला. परंतु मराठी रसिकांनीं त्यांना आपलें मानलें. सन २०२४ च्या जुलैंत ते प्रभूकडे गेले. आगगाडींतल्या त्या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं वाद न घालतां, आपल्या आयुष्यानें दिलें.

धर्मबंधूंनो व भगिनींनो, येथवर आलेली ही ठेव आतां आमच्या हातीं आहे, आणि तिच्याविषयीं आम्हांस चिंता वाटते. पानवेलींच्या व केळींच्या वाड्या इमारतींखालीं जात आहेत. मुलें इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांत वावगें कांहीं नाहीं, कारण पोटापाण्यासाठीं तें हवें. परंतु पुष्कळ घरांत असें झालें आहे कीं, आजी मराठींत प्रार्थना म्हणते, नातवंड इंग्रजींत म्हणतें, आणि दोघांना एकत्र प्रार्थना करितां येत नाहीं. मिस्सेंतील मराठी शब्द मुलाच्या कानांवर पडतात, पण त्याच्या मनांत उतरत नाहींत. लॅटिनच्या काळीं म्हातारीची जी अडचण होती, ती आज नातवाची झाली आहे. सन १७३९ सालीं आमच्या घंटा दुसऱ्यांनीं नेल्या. आतां जें हरवेल तें आमच्याच हातून हरवेल.

याच्या उलट दुसरेंहि एक भय आहे. भाषा, लुगडें, सणवार व जुनीं गाणीं हीं जपून आम्ही समाधान मानूं, आणि ज्याच्यासाठीं हें सर्व होतें त्या प्रभूलाच विसरूं. ख्रिस्ती ही केवळ एक ज्ञात उरेल, दाखल्यावर लिहावयाची. असें झालें तर आमची ओळख रिकाम्या मठासारखी होईल: भिंती उभ्या, आंत कोणी नाहीं. आमच्या वाडवडिलांनीं प्रार्थना राखली म्हणून त्यांची ओळख राहिली. ओळख राखावी म्हणून त्यांनीं प्रार्थना केली नाहीं.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें आमची एकच विनंती आहे. दिवसांतून एक वेळ, सायंकाळीं, घरांतील सर्व मंडळीनें एकत्र बसावें. आजीनें आपल्या बोलींत एक प्रार्थना सांगावी, नातवंडानें ती पाठ करावी. तिचा एकेक शब्द त्यानें विचारावा व आजीनें समजावून द्यावा. एवढें केल्यानें देवळाच्या भिंती उंच होणार नाहींत, पण देऊळ टिकेल. कारण राजसत्ता, मठ व घंटा गेल्यावरहि आमचें देऊळ टिकलें तें अशाच घरांमुळें.

पुढल्या वेळीं कोणी विचारलें कीं, आपण ख्रिस्ती असून मराठी इतकें चांगलें कसें बोलतां, तर रागावूं नये. हंसून सांगावें: "आम्ही याच भाषेंत देवाशीं बोलतों."

दयाघन पिता आपल्या धर्मग्रामावर, येथील लहानथोरांवर व आपल्यामागून येणाऱ्या पिढ्यांवर आपला कृपाहस्त ठेवो, आणि धन्य मरिया माऊली व संत गोन्सालो गार्सिया आपल्यासाठीं विनवणी करोत.